सालपटं राहतील

प्रिय मास्तरीणबाई,

लाल पेन हातात घेऊ नकोस. सहावीपर्यंत शिकलेल्या माणसाचं पत्र आहे, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे. आधी हे सांग, रक्तदाबाची गोळी सकाळी घेतेस ना? लेकीकडच्या न्हाणीघराची फरशी फार गुळगुळीत आहे, रबरी चपला घालूनच आत जात जा. इथे गॅस बंद आहे, मागची कडी लावलेली आहे. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून बघून आलो. आता मुद्द्याचं. जाताना दारात उभी राहून तू म्हणालीस, 'एक तर या घरात ती सालपटं राहतील, नाही तर मी.' आज एकोणीस दिवसांनी उत्तर देतो. सालपटं राहतील.

पत्र चुरगाळू नकोस, पुढे वाच.

काल रसाच्या कारखान्याच्या मागच्या फाटकातून हातगाडीच्या दोन फेऱ्या आणल्या, एक अननसाच्या सालपटांची आणि एक संत्र्याच्या चोथ्याची. तिथला पहारेकरी मला आता 'चोथेवाले काका' म्हणतो आणि मी दिसलो की उठून फाटक उघडतो. पूर्वी हा सगळा माल वस्तीबाहेरच्या खड्ड्यात सडायचा आणि माशा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत यायच्या, आठवतं? सकाळी बसून सगळं बारीक चिरलं, दगडाखाली दाबून पाणी काढलं आणि कोंबड्यांच्या शेडच्या पत्र्यावर पसरलं. शिडी चढताना प्रत्येक पायरीला तुझं 'पडाल हो' ऐकू येतं. अजून तरी पडलो नाही.

आणि हे खूळ माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नाही, हे तुलाही ठाऊक आहे. ती तुरेवाली कोंबडी स्वयंपाकघरात घुसली होती, तू संत्रं सोलत होतीस, आणि तिने तुझ्या पायाशी पडलेली सालं चोचीने तोडून तोडून संपवली. तू हसून म्हणालीस, 'हिला तुमच्यापेक्षा चव कळते.' मी त्यावर दोन दिवस विचार केला. मग कारखान्यात गेलो, मग जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सांगितलं की आधी पूर्ण वाळवा, मग दळा, आणि रोजच्या खाद्यात दहातला एकच वाटा घाला, जास्त हावरटपणा नको. मी दहा ओंजळींत नऊ आणि एक असं माप धरलं. ओंजळ माझीच, म्हणून चुकायला वाव नाही.

तरीही एकतीस कोंबड्या गेल्या. दीड दिवसात गेल्या. ते मी लपवत नाही. परसात खड्डा मीच खणला आणि प्रत्येक कोंबडी मीच त्यात ठेवली. डॉक्टरने दोन उघडून पाहिल्या आणि चिठ्ठी लिहून दिली. त्यांचं अक्षर मला कधीच लागत नाही, म्हणून तूच ती वाचून दाखवलीस: चोथ्याला बुरशी लागली होती, ती बाधली. गल्लीत जो विचारेल त्याला मी सांगितलं, चूक माझी. इस्त्रीवाल्याला सांगितलं, पाववाल्याला सांगितलं, फोनवर जावयालाही सांगितलं. जावईबापू स्वतः खाद्याची पोती विकतात, त्यांना आयतंच सापडलं. म्हणाले, 'बाबा, कोंबड्यांना रस पाजून पैलवान करायला निघालात, आणि पोचवल्या कुठे?' त्या दिवशी ऐकून घेतलं. आता घेणार नाही.

कारण बुरशी वाईट आहे, सालपट वाईट नाही. दूध नासलं म्हणून कोणी गाय हाकलून देत नाही. तू गेलीस त्याच दुपारी मी शेडच्या मधोमध जाळी ठोकली. डावीकडे नुसतं नेहमीचं खाद्य, उजवीकडे चोथ्याचं पीठ घातलेलं. पीठ घालण्याआधी तीन वेळा वास घेतो, चिमूटभर जिभेवर ठेवतो, उजेडात धरून पाहतो. अंडी तर इतक्या वेळा मोजतो की दर वेळी वेगळा आकडा येतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. दोन्हीकडे अंडी सारखीच पडतात. एकही कोंबडी मान टाकून बसलेली नाही. आठवड्यापूर्वी डॉक्टर स्वतः येऊन बघून गेले. पीठ मुठीत दाबलं, सोडलं, ते भुरभुरत खाली पडलं, तेव्हा नुसते 'हं' म्हणाले. त्या माणसाचा 'हं' म्हणजे शाबासकी असते.

पाववाल्याची गंमत ऐक. त्याला मी अंड्यांच्या दोन टोपल्या दिल्या आणि कुठली कुठल्या बाजूची ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातून ओरडला, 'ओ काका, त्या केशरी बलकाच्याच आणा, केकला रंग चढतो!' केशरी बलक उजवीकडचा होता. मी घरी येईपर्यंत धीर धरला आणि मग शेडमध्ये उभा राहून एकटाच हसलो. कोंबड्या दचकल्या.

एवढं सगळं असताना काल जावयाचा फोन आला. शुक्रवारी त्यांचा टेम्पो येणार, पंचवीस पोती उतरवणार, आणि मी कागदावर लिहून द्यायचं की या घरात चोथा बंद. म्हणे, आईंची तीच अट आहे. तुला फोन द्या म्हटलं तर तू झोपली आहेस म्हणाले. सकाळी दहा वाजता! चाळीस वर्षांत तुला सकाळी दहाला झोपलेलं मी पाहिलं नाही. तर त्यांना माझा निरोप दे: टेम्पो फाटकाशी उभा राहील, पोतं एकही उतरणार नाही. मला भीती वाटते, नाही असं नाही. मला कशाचीही वाटते, मांजर आडवं झोपलं तरी वाटते. पण भीत भीत का होईना, फाटकात मीच उभा राहणार.

हे शेवटचं पान मुद्दाम वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. आधीची पानं लेकीला, जावयाला, हवं तर त्यांच्या शेजाऱ्यांनाही वाचून दाखव. हे तू एकटीने वाच. डॉक्टरच्या चिठ्ठीतली एक ओळ तू मला वाचून दाखवली नाहीस. ती मी दुसऱ्याच दिवशी औषधवाल्याकडून वाचून घेतली. 'चोथा उन्हातून काढून गरम असतानाच झाकला, त्याला आतून घाम सुटला.' मी गुडघा दाखवायला गेलो होतो त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं, आणि परत आलो तेव्हा सगळा चोथा ताडपत्रीत नीट बांधलेला होता. बरणीच्या फडक्याला मारतेस तशी गाठ, दोन वेढे आणि वर फूल. ती मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मी शिडी चढू नये म्हणून तू चढलीस. आणि सगळ्याचा तीनदा वास घेणाऱ्या या माणसाने त्या वेळी घेतला नाही, कारण तुझी गाठ दिसली आणि मी निर्धास्त झालो. आधी सावलीत पसरून पार थंड होऊ द्यायचं, मग बांधायचं, हा नियम होता माझ्याच डोक्यात. कोणाला हात लावू द्यायचा नाही आणि सांगायचंही नाही, ही माझी खोड. म्हणून गल्लीभर सांगितलं ते खोटं नव्हतं, चूक माझीच आहे. तू सालपटांवर रागावून गेली नाहीस, ती रोज डोळ्यांसमोर नकोत म्हणून गेलीस. पण मी ती हलवली तर त्या एकतीस कोंबड्या कायमच्या तुझ्याच नावावर राहतील, आणि ते मी होऊ देणार नाही. शेडच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात नियम लिहिला आहे, त्यात चुका असतील, त्या येऊन दुरुस्त कर. अननसाची सालपटं शुक्रवारपर्यंत वाळून थंड होतील. ताडपत्री बाजूला घडी करून ठेवली आहे. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी एका माणसाची जागा असते. पोती परत जातील, पण टेम्पोतून जे माणूस उतरेल त्याला मी फाटकात अडवणार नाही. गाठ तूच मारायची आहे.

तुझाच,
काळजीवाहू सरकार