नेडचा नोव्हेंबर

ब्रॅकनथॉर्प, ६ जानेवारी

चि. रोझलिन हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि त्या अर्ध्यातही तुझा नवरा बोलत असतो, तेव्हा पत्रच बरं.

नेडला सप्टेंबरात शाळेत घालणार म्हणतेस. अगं, तो जन्मला ऑगस्टच्या अखेरीस, पण यायचा होता नोव्हेंबरात! काचेच्या पेटीत मुठीएवढा पडला होता, विसरलीस? वेळेवर आला असता तर शाळेची ऑगस्टअखेरची रेघ ओलांडून आपोआप पुढच्या वर्षीच्या मुलांत बसला असता. आता लवकर जन्मल्याची शिक्षा म्हणून वर्गात सगळ्यांत लहान तो. चार पुरी होतात न होतात तोच गळ्यात टाय! कोटाची बटणं लागत नाहीत, जेवल्यावर पेंगतो, आणि हा म्हणे अक्षरं गिरवणार.

जन्मभर सरकारी नर्सरी चालवली मी. अशी पोरं वर्षभर थांबली की फुलतात, रेटली की मिटतात. मुख्याध्यापकांना लिही, की नेडला पाच वर्षांचा झाल्यावर घ्या आणि रिसेप्शनच्या, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गातच घ्या, थेट पहिलीत नको. तोवर नर्सरीत मिसेस ओकशॉटजवळ राहू दे. आणि तुझ्या आईसारखी सगळ्यांना थँक्यू म्हणत बसू नकोस.

तुझ्या ग्लिनला नमस्कार, नेडचा पापा.
तुझी विनिफ्रेडमावशी

एल्मस्टो, १९ फेब्रुवारी

ती. विनिफ्रेडमावशीस रोझलिनचा सा. न. वि. वि.

थँक्यू न म्हणता लिहिलं. मुख्याध्यापक मि. टॅटरसलनी बोलावलं, बिस्किटं दिली आणि नाही म्हणाले. वर्षभर थांबा हवं तर, पण मग तो आपल्या वयाच्या मुलांबरोबर थेट पहिलीत बसेल, रिसेप्शन बुडेल. त्यातच मुलाचं हित आहे म्हणे. नोव्हेंबरचं सांगितलं तर म्हणाले, शाळा चालवणारी कौन्सिल जन्माची तारीख बघते, यायच्या होत्या त्या तारखेशी तिला कर्तव्य नाही.

दुसरी बातमी याहून वाईट. नर्सरी जुलैत बंद होतेय, कौन्सिलकडे पैसे नाहीत म्हणे. मिसेस ओकशॉट वाळूच्या हौदाशी उभ्या राहून रडल्या. मुलांना वाटलं, डोळ्यांत वाळू गेली. सगळी फुंकर घालायला धावली. खासगी नर्सरी आम्हाला परवडत नाही. म्हणजे थांबवायचं तरी कुठे त्याला?

ग्लिन म्हणतो, मीही ऑगस्टचाच, मेलो का? मी म्हटलं, मेला नाहीस, पण मोजे अजून मीच शोधून देते.

काय करू, ते कळव. तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.
रोझलिन

ब्रॅकनथॉर्प, ३ मार्च

चि. रोझलिन हिस आशीर्वाद.

हित! हाच शब्द माझ्या शाळेतल्या सिस्टर इग्नेशियस पट्टी उगारताना वापरायच्या. पण त्यांच्याही कॉन्व्हेंटात दुपारी सतरंज्या पसरून लहानग्यांना झोपवत. तुझ्या टॅटरसलकडे सतरंजी आहे का, विचार. आणि नर्सरीला पैसे नाहीत म्हणणाऱ्या कौन्सिलच्या साहेबांना एक दिवस वीस पोरांची नाकं पुसायला बसव!

आता नीट वाच. मी इथल्या कौन्सिलच्या कचेरीत विचारून आले. इथे उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलांना पाचव्या वर्षी रिसेप्शनमध्ये घेतात, आणि इथली नर्सरी चालू आहे. माझी वरची खोली रिकामी आहे. नेडला घेऊन तू ये. तुझं ते दंतवैद्याकडचं काम इथेही मिळेल, दात इथल्या लोकांचेही किडतात. ग्लिन शनिवार-रविवार येईल. त्याहून जास्त ग्लिन मला झेपणारही नाही. पण सप्टेंबरच्या आत या.

वाट पाहते.
विनिफ्रेडमावशी

एल्मस्टो, २० ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

मार्चात तुला येत नाही असं कळवलं, त्यानंतर लिहायचं धाडस झालं नाही. ग्लिन म्हणाला, पोराच्या वर्गापायी कोणी घर मोडतं का? मलाही नोकरी सोडायची भीती वाटली. बाकीची मुलं जातात तसा हाही जाईल, असं धरून चालले.

शाळेच्या पहिल्याच आठवड्यात एकेका मुलाची चाचणी घेतली. बाईंनी चित्रं दाखवून काय काय विचारलं. नेडला सगळं येत होतं गं, पण तो दाराकडे बघत राहिला. मागे आहे, असं ठरलं. रोज ओल्या चड्डीची पिशवी घरी येते. आता फाटकाशी रडत नाही. बाई म्हणतात, रुळला. मावशी, तो घरीही बोलेनासा झालाय. काल कोट घालताना दोन्ही हात पुढे करून, मान खाली घालून उभा राहिला, दवाखान्यात म्हातारे उभे राहतात तसा. ग्लिन बघत होता. तोच म्हणाला, मावशीला लिही. आम्ही आता आलो तर तिथे नेडला परत नर्सरीत घेतील का? विचारशील?

तुझी रोझलिन

ब्रॅकनथॉर्प, २ नोव्हेंबर

चि. रोझलिन हिस आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तशीच कचेरीत गेले. जीभ घरी ठेवून गेले होते, गोड बोलले. खिडकीमागची मुलगी सभ्य होती. कॉम्प्युटरवर पाहून म्हणाली, मूल एकदा रिसेप्शनला बसलं की त्याचा वर्ग ठरला. कुठल्याही गावी नेलंत तरी पुढच्या सप्टेंबरात पहिलीच. आधी आला असतात तर, असं ती म्हणाली. मी म्हणत नाही.

मी तिला सांगितलं, बाई गं, हा मुलगा खरा या महिन्यात चार वर्षांचा होणार होता. नर्सरीतलं त्याचं एक अख्खं वर्ष शिल्लक आहे, ते कुठे मिळेल? तिनं पुन्हा नीट पाहिलं आणि हळूच म्हणाली, ते वर्ष इथे दिसत नाही.

तिला थँक्यू म्हटलं आणि घरी आले. ग्लिनवर चिडू नकोस.

लोभ आहे, तो कमी होणार नाही.
विनिफ्रेडमावशी