परक्या हातचा मफलर

सक्करदरा, नागपूर
२९ जानेवारी

प्रिय मोनाली,

सप्रेम जयभीम. आधी तुझी तब्येत कळव. इथून निघालीस तेव्हा घसा बसला होता, आता मोकळा झाला का? पालमपूरला सकाळी नळाला हात लावला की बोटं बधिर होतात म्हणालीस, तेव्हा पाणी तापवल्याशिवाय तोंडसुद्धा धुऊ नकोस. तुझ्या खोलीत राहणाऱ्या सोनिकाचा पाय मुरगळला होता, ती आता चालत बँकेत येते की अजून लंगडते? घरमालकीणबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असेल. आणि त्यांचे यजमान, तुझे ते बाबूजी, विक्रमसिंग, तेही बरेच असतील. त्यांचं विचारायचं माझ्या मनात नव्हतं. पण तुझी आई बाजूला तांदूळ निवडत बसली आहे, ती म्हणाली, "सगळ्याइले विचारलं, अन् त्या बुढ्यालेच काहून सोडलं? लिहा." म्हणून लिहिलं.

इकडे आईचे गुडघे थंडीत कुरकुरतात, पण तोंड उत्तम चालतं. नागसेन आणि सूनबाई कुहीला मजेत आहेत. त्याच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं, त्यात वीस पोरांचे फेटे मी बांधून दिले. नव्या धानाचे तांदूळ त्यानं पोतंभर आणून टाकले, तेच तुझी आई निवडते आहे. माझं म्हणशील तर डोळ्यांना नवा चष्मा लागला. बाकी हात चालतात, पाय चालतात, मशीन चालते. लग्नसराईचे ब्लाउज आले आहेत. हात लावावा तर लागत नाही, असं तीन आठवडे चाललं आहे. त्याचं कारण तुझा मफलर.

तू डिसेंबरात सुटीवर आलीस तेव्हा स्टेशनवर मला दुरून वाटलं, पोरीनं गळ्याभोवती मांजर गुंडाळून आणलं की काय. राखाडी, फुगलेली, श्वास घेतल्यासारखी हलणारी ती फर. तू हसत म्हणालीस, "खोटी फर हाय बाबा, मांजराले धक्का नाही लागला." आणि माझा हात धरून त्यावर फिरवलास. किती मऊ होती ती! पण शिंप्याचा हात मऊपणावर थांबत नाही, शिवण शोधतो. मी मानेपाशी शोधली, काठाला शोधली, टोकाला शोधली. शिवण सापडेना. चाळीस वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाला शिवण सापडत नाही म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. "कोणी शिवला?" विचारलं, तर तू म्हणालीस, "बाबूजींकडचा आहे." बस्स, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

घरी आल्यावर चहा पिताना तू सांगायला लागलीस, "बाबूजी फौजेत शिंपी होते ना बाबा, तं त्याइनं मले..." पुढचं मी ऐकलं नाही. गिऱ्हाईक थांबलं आहे म्हणालो, दुकानाची चावी उचलली आणि निघालो. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. दुकानात जाऊन नुसता बसलो. मनात म्हणालो, फौजेतला शिंपी! त्याला पगारी उस्ताद मिळाले असतील, कटिंगचे नकाशे मिळाले असतील. मला कोणी शिकवलं? सातवी सोडून कुहीहून नागपूरला आलो, तेव्हा सदर बाजारातल्या एका दुकानात काजं करायला बसवलं. मास्तर कटिंग करताना पाठ करून उभा राहायचा, पोरानं पाहू नये म्हणून. मग मी जुन्या बाजारातून फाटके ब्लाउज आणायचो, टाका न् टाका उसवायचो, तुकडे इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेवायचो आणि पेन्सिल फिरवायचो. उसवलेले कपडे हेच माझे गुरू. आणि अशा माणसाची पोरगी दुसऱ्याच्या हातचं लेवून माझ्या घरात फिरत होती.

दहा दिवस घरात नुसतं बाबूजी बाबूजी. बाबूजी राजमा असा करतात, बाबूजींनी खोलीत शेगडी लावून दिली, बाबूजी म्हणतात पायमोजे दोन घालावे. वरणाची वाटी पुढे आली की मला त्यातही बाबूजी दिसायचे. एकदा जेवता जेवता तुझी आई माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "काहून हो, सवत आली काय तुमाले?" तू ठसका लागेपर्यंत हसलीस. मीही हसलो. पण बेटा, तो हेवाच होता. तुझ्या आईनं बरोबर नाव ठेवलं.

आता जे सांगतो ते मान खाली घालून सांगतो आहे. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला, "बाबा, माहा मफलर तिथंच राहिला काय?" मी म्हणालो, "नाही वं बेटा, गाडीत विसरली असशील." तू हळूच म्हणालीस, "जाऊ द्या." मोनाली, तो मफलर तेव्हा माझ्या डोळ्यासमोर खुंटीला होता, माझ्याच स्वेटरखाली. मी तुझ्याशी खोटं बोललो. मनात बेत असा होता की त्याहून सरस मफलर शिवून पाठवायचा, म्हणजे तो जुना तुझ्या आठवणीतून निघून जाईल आणि थंडीत तुझ्या गळ्याशी माझा हात राहील.

दुसऱ्या दिवशी सदरला जाऊन पांढरी फर आणली. दुकानदार म्हणाला, "काका, टेडी बिअर बनवता का?" मी पैसे मोजले आणि फर काखेत मारली. आपल्याला माहीत आहे, कापड पुरवावं तर तुझ्या या बापानं, देवरावनं. ज्या कापडात दुसरा शिंपी हात वर करतो त्यात मी ब्लाउज बसवून पिशवी शिवण्यापुरता तुकडा परत देतो. मफलरचे दोन भाग, मानेशी अरुंद, टोकाला रुंद. एक सरळ ठेवला, त्याच्या अरुंद बाजूला दुसरा उलटा बसवला. कापड काय वाचलं! स्वतःची पाठ थोपटली आणि वरून कात्री चालवली. मग जे झालं ते विचारू नकोस. केस उडाले, चष्म्यावर बसले, नाकात गेले, चहात तरंगले. तुझी आई दारातूनच ओरडली, "काहून हो, घरात मांजर भादरली काय?" कात्रीनं काठाचे सगळे केस आखूड कापून टाकले होते, त्यामुळे काठ टकला झाला. आणि शिवून झाल्यावर हात फिरवला तर डावीकडे गुळगुळीत आणि उजवीकडे सगळे केस उभे. फरच्या केसांना कल असतो, ते एकाच बाजूला झोपतात, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. पॉपलीनला उलटंसुलटं काय! कापड वाचवायची सवय मला इथं नडली. आईनं तो गळ्यात घालून पाहिला, म्हणाली, "एका बाजूनं ससा, दुसऱ्या बाजूनं साळू. राहू द्या, मले होते." आता ती विहारात तोच घालून जाते, आणि सगळ्या बायांना सांगते की आमच्या यांनी शिवला.

मग मी ते केलं जे मला येतं. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, तुझा राखाडी मफलर टेबलावर ठेवला आणि उसवायला घेतला. हेवा होता, हे कबूल. पण नुसता हेवा नव्हता, शिकायचंही होतं. दोन्ही एकाच हातात होतं, कुठलं किती ते मला सांगता येणार नाही. मशीनची शिवण उसवत गेलो तसा तो माणूस मला कळत गेला. त्यानं फर मागच्या बाजूनं, ब्लेडनं कापली आहे. फक्त विणीचं कापड कापलं, केस एकही तुटू दिला नाही. दोन्ही भागांचे केस मानेपासून खाली झोपतात. शिवायच्या आधी काठाचे केस बोटानं आत ढकलले आहेत आणि शिवल्यावर सुईच्या टोकानं शिवणीत अडकलेला केस न् केस बाहेर ओढला आहे. म्हणून शिवण सापडत नव्हती. मी टेबलापाशी उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "उस्ताद आहे लेकाचा." हे म्हणताना पोटात दुखलं, पण म्हणालो.

शेवटी एका काठाशी आलो, जिथून मफलर आतला बाहेर उलटवतात आणि मग ते तोंड हातानं शिवून बंद करतात. साधारण सात इंच. तिथला टाका फौजेतल्या माणसाचा नव्हता. एक मोठा, एक लहान, सगळे डावीकडे झुकलेले, आणि शेवटी एकावर एक तीन गाठी. डावखुऱ्या हाताचा टाका. मोनाली, मला चष्मा काढून पुसावा लागला. असा टाका मी जन्मात एकदाच पाहिला आहे. तू नऊ वर्षांची होतीस. माझ्या शर्टाचं बटण तुटलं होतं, ते तू मला न सांगता लावलंस, असंच डावीकडे झुकलेलं, असंच तीन गाठींचं. मी काय केलं ते तुला आठवत असेल. तुझ्या हातातली सुई हिसकावली आणि ओरडलो, "हा हात पेनासाठी आहे. मशीनजवळ दिसलीस तर पाहा." तू पुन्हा कधी दुकानाच्या उंबऱ्याच्या आत आली नाहीस. बाहेर पायरीवर बसून चिंध्या गोळा करायचीस, तेव्हाही मी हाकलायचो. मला भीती होती बेटा. हुशार पोरगी एकदा बापाच्या हाताखाली काजं-बटणाला बसली की तिथंच राहते, असं मी आजूबाजूला पाहिलं होतं. तू बँकेत साहेब झालीस, तेव्हा मला वाटलं माझं ओरडणं कामी आलं. तुला सुई आवडत होती हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि चहा पिताना तू सांगत होतीस ते हेच ना? त्याइनं मले शिकवलं. शिवायला बसवलं. तुझ्या बाबूजींचा खरा हेवा मला त्या दिवशी वाटला. त्याआधीचा काहीच नव्हता. त्यानं मफलर शिवला म्हणून मी जळत होतो, पण त्यानं तुला सुई हातात दिली, आणि मी ती काढून घेतली होती.

मफलर या पत्रासोबतच पार्सलमध्ये आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण खोटं मी फोनवरच बोललो होतो, आणि तुझा आवाज ऐकला की पुन्हा काहीतरी थाप मारली असती. म्हणून लिहायला बसलो. मशीनच्या सगळ्या शिवणी मी जशा होत्या तशा परत घातल्या आहेत, आतला केस न् केस सुईनं बाहेर ओढला आहे. तुझ्या बाबूजींना दाखव, त्यांना फरक सापडला तर मला जरूर कळव. पण ते सात इंच मी शिवलेले नाहीत. दोनदा सुई ओवली आणि ठेवून दिली. तिथं माझा टाका सरळ, बारीक, बिनचूक आला असता, आणि तुझा पुसला गेला असता. ती जागा उघडी ठेवून पाठवतो आहे, ती तूच तुझ्या हातानं बंद कर. कसाही येऊ दे. हेवा गेला असं मी लिहिणार नाही, एक खोटं झालं तेवढं पुरे. पण मार्चमध्ये आलीस की उंबऱ्यावर थांबू नकोस, सरळ आत ये आणि माझ्या स्टुलावर बस. मी बाजूला उभा राहीन, तू विचारल्याशिवाय बोलणार नाही. रागावली असशील तर तेही लिही, पण लिही. पोस्टमन आपल्या गल्लीत दुपारी दोनला येतो, त्या वेळी मी आता रोज पायरीवरच बसतो आहे. दोन ओळी का होईना, लवकर पाठव.

तुझाच,
बाबा