घाटनांदूर ओपन

३ ऑगस्ट, सकाळी ७.४०
आजपासून रोजनिशी. सध्या कोणी वाचायची नाही. बायकोने, वनमालेने, तर नाहीच नाही.
संकल्प एक: रोज पाचला उठणे. (आज पहिला दिवस, म्हणून सूट.)
काल दुपारी टीव्हीवर गोल्फ पाहिला. पळायचं नाही, उडी मारायची नाही. पोटं माझ्यासारखीच. बॅग धरायला वेगळा माणूस. हा खेळ इतकी वर्षं माझ्यापासून लपवला कोणी? पुढच्या महिन्यात जपानात आशियाई स्पर्धा आहेत, त्यात गोल्फ आहे. यंदा उशीर झाला. चार वर्षांनी मात्र भारताच्या संघात मी. तेव्हा वय सत्तावन्न, म्हणजे ऐन अनुभवाचं.

त्याआधी गावाचं तोंड बंद करणे. गावच्या सोसायटीच्या मागच्या निवडणुकीत माझा चुलतभाऊ आप्पाराव याला तीनशे बारा मतं पडली, मला अकरा. भावकीचीच मतं चौदा आहेत, पण तो विषय मी वाढवत नाही. तेव्हापासून गाव मला 'अकरा' म्हणतं. दूधवाला 'राम राम, अकरा' म्हणतो. गिरणीत आमच्या दळणाच्या डब्यावर नावाऐवजी खडूने ११ लिहितात. ऑक्टोबरात पुन्हा निवडणूक आहे. अकरा पुसल्याशिवाय अर्ज भरण्यात अर्थ नाही.

७ ऑगस्ट
खळ्यामागच्या पडीक रानात मैदान तयार. नऊ खड्डे पाहिजेत, म्हणून स्वयंपाकघरातले तेलाचे नऊ डबे डाळी ओतून पुरले. वनमाला विचारते, डाळी आता तुमच्या टोपीत ठेवू का? थोर कामात घरचेच आडवे येतात.
फाट्यावरच्या वेल्डरकडून पाइपाला पट्टी जोडून काठी करून घेतली. चेंडू ऑनलाइन. गवतासाठी सटवा धनगराची मेंढरं दोन दिवस रानात बसवली. गवत अगदी टीव्हीसारखं झालं. लेंड्या टीव्हीवर दिसत नाहीत. तिकडे झाडायला माणूस असेल.

१० ऑगस्ट, संध्याकाळी
पहिला सराव. पहिल्याच डब्याला सतरा ठोके! पदार्पणात सतरा म्हणजे चेष्टा नाही.
गंमत म्हणून सटवाला मारू दिलं. त्याने मेंढरांमागची काठी उलटी धरली आणि तीन ठोक्यांत चेंडू डब्यात. संपला बिचाऱ्याचा डाव. 'मालक, गेला की आत, आता काय करू?' म्हणाला. मी पाठीवर थाप दिली. म्हटलं, सराव कर, वाढतील.
वनमाला बांधावरून बघत होती. म्हणते, कमी ठोक्यांत गेला तर बरंच की, दार समोर असताना गावाला वळसा कावून घालायचा? मी विचारलं, क्रिकेटात कमी रन काढणारा जिंकतो का? निवडणुकीत कमी मतं पडलेला निवडून येतो का? दुसरं विचारायला नको होतं. ती बराच वेळ हसली.

२२ ऑगस्ट
पाचला उठणे: अजून नाही. हवामान ठीक नाही.
सायलीचा पुण्याहून फोन. पप्पा, नियम वाचलेत का? म्हटलं, बेटा, नियम वाचणारे पंच होतात, खेळाडू नाही. ती पुढे काहीतरी सांगत होती, पण रेंज गेली. (मीच फोन ठेवला.)

६ सप्टेंबर
ऐतिहासिक दिवस. पहिली 'घाटनांदूर ओपन'. प्रमुख पाहुणा मुद्दाम आप्पाराव.
निकाल: मी १५८. सटवा ३८. आप्पारावने दोन ठोके मारले आणि लिंबाखाली चहा घेत बसला. सातव्या डब्याला चेंडू ओढ्यात गेला, तिथे एकट्या माझे एकोणतीस झाले. हा विक्रम लवकर मोडेल असं वाटत नाही.
ट्रॉफी मीच आणली होती, माझं नाव आधीच कोरून. तेवढाच वेळ वाचतो. ती मी आप्पारावच्या हातून स्वीकारली. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

९ सप्टेंबर
बसस्टँडवर फ्लेक्स लागला. बारा बाय आठ. काळा गॉगल, फेटा, मागे वाघ. 'तब्बल १५८! गोल्फरत्न राधाकिशनराव यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली कोपऱ्यात सटवाचा फोटो, बाजूला ३८. हरलेल्याचाही मान ठेवावा.
दूधवाल्याने फ्लेक्स पाहिला. तरी 'अकरा'च म्हणाला. सवय जायला वेळ लागतो.

२७ सप्टेंबर, सायंकाळी ५
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
जपानातल्या गोल्फची शेवटची फेरी गावाला दाखवायची म्हणून सभामंडपात पडदा लावला. दोनशे माणूस जमलं. माइक माझ्या हातात. वरच्या नंबरांपुढे वजाची खूण होती. मी सांगितलं, वजा म्हणजे दंड, तो गडी गेला कामातून. सगळ्यात खाली एक जण होता, त्याचे ठोके सगळ्यांत जास्त. म्हटलं, सोनं ह्याचंच. तो चुकला की मी गावाला टाळ्या वाजवायला लावल्या. गावाने मन लावून वाजवल्या.
मग सोन्याचं पदक वजावाल्याच्या गळ्यात पडलं.

मंडपात मागून आप्पाराव अगदी नम्रपणे म्हणाला, म्हंजे कमी ठोकेवाला जिंकतो व्हय? आणि सगळं गाव वळून सटवाकडे बघायला लागलं. आप्पाराव पुढे म्हणाला, तसं पाह्यलं तर राधाकिशनराव, सोसायटीचं सोनं मागंच तुमचं झालं की, अकरात!
लोक हसले ते हसलेच. सटवाला खांद्यावर घेतलं. तो वरूनच ओरडत होता, मला म्हाईतच न्हवतं ओ मालक! खरं लिहायचं तर मला रडू आलं. माइक चालू होता.

२८ सप्टेंबर
ट्रॉफी सटवाला नेऊन दिली. नाव माझं कोरलंय म्हटलं, तर म्हणाला, असू द्या मालक, मला कुठं वाचता येतंय. कोकराला पाणी पाजायला लई बेस हाय म्हणाला.
फ्लेक्स उतरवायला गेलो, तर आप्पाराव तिथे हजर. 'राहू द्या, एवढी मोठी हार गावात कुणी लावली न्हाई.' अर्ज भरण्याचा विचार तूर्त रद्द.

सकाळी दूधवाला आला. 'राम राम, एकशे अठ्ठावन्न.'
अकरा आज कोणीच म्हणालं नाही. म्हणजे मूळ हेतू सफल झाला, असं वनमालेला सांगितलं. ती गिरणीतून डबा घेऊन येत होती. ११ पुसून त्यावर १५८ लिहिलेलं. डबा खाली ठेवून म्हणाली, अहो, दळण मात्र तेवढंच हाय.