तीनशे यार्डांपलीकडे

नोव्हाय, मिशिगन
१८ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनात घातलाय, कारण पाठ धरली आहे आणि एकदा आडवा झालो की उठवायला विनीता लागते.

नेहमीप्रमाणे पाकिटात दोन कागद आहेत. पांढरा आईच्या डाव्या कानाशी मोठ्यांदा वाचून दाखव. हा पिवळा फक्त तुझा. पांढऱ्यात मी ऑक्टोबरात डोंगरात कॅम्पिंगला जातोय. खरं असं की वायोमिंगच्या सोडतीत माझं नाव निघालं, एल्कच्या शिकारीचा परवाना मिळाला! इतकी वर्षं अर्ज करतोय, दरवर्षी सॉरीचं ईमेल. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समज, वजनाला चांगल्या गाईएवढा. सोबतीला ग्लेन आहे, आमच्या ब्रेक टेस्टिंगमधून रिटायर झालेला. रायफल मला त्यानेच शिकवली.

आता कामाचं. तू जनावरांची डॉक्टर, म्हणून विचारतो. गोळीवरून माझं आणि ग्लेनचं रोज वाजतंय. तो म्हणतो, शिशाची मऊ गोळी घे, लांब जाऊन वेग उतरला तरी ती आत फुलते आणि जनावर जागच्या जागी बसतं. मला अख्ख्या तांब्याची हवी आहे. ती फुटत नाही, मटणात शिशाचे कण राहत नाहीत, आणि नेमबाजीच्या रेंजवर कागदावर तिची सगळी भोकं एका वाटीखाली झाकली जातात. ग्लेनचं म्हणणं, तांब्याला फुलायला वेग लागतो. फार लांबून मारलीस तर दाभणासारखी आरपार जाईल आणि जनावर चालू लागेल. मी हिशेब केलाय, चारशे यार्डांपर्यंत वेग पुरतो. तू एवढंच सांग, नेम नेमका कुठे धरायचा?

तुझ्या गुडघ्याचं विसरलेलो नाही. एकवीस ऑक्टोबरला हर्नडनला तुझ्या लेकाकडे, देवांगकडे राहून तुझं ऑपरेशन, आणि त्याआधीच्या शनिवारी मी अल्फारेटात आईजवळ हजर. डोंगरातून थेट तुझ्याकडे. खरं सांगू का, फार थकलोय गं. आठ दिवस कुणी काही मागणार नाही अशी ती एकच जागा दिसते.

लोभ आहे म्हणूनच त्रास देतो, तो तसाच राहू दे.

तुझा,
शैलू


अल्फारेटा, जॉर्जिया
२ सप्टेंबर २०२४

चि. शैलेंद्र यास,

अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्यातला एक तुझ्या पाठीला.

अरे बाप्पा, काय तुझं हे! केस गेले आणि आता बंदुकीचे डोहाळे लागले. आईला पांढरा कागद दोनदा वाचून दाखवला. डोंगरात थंडी असेल, कानटोपी घेऊन जा म्हणाली. मी मान हलवली आणि मनातून तुला चार शिव्या घातल्या.

नेम विचारलास म्हणून सांगते, नागपूरला कॉलेजात गाईवर शिकले तेच. जनावर पूर्ण आडवं उभं असू दे. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत वर जा, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात थांब. तिथे दोन्ही फुप्फुसं आहेत आणि जरा खाली हृदय. तिथे लागलं तर लवकर संपतं. त्याच्या मागे वीतभर सरकलास की यकृत, आणि त्याच्या मागे पोट, चाऱ्याने भरलेलं पोतं, तेही डावीकडे जास्त. पोटात लागलं तर जनावर लगेच मरत नाही. तासन्‌तास, कधी दिवसभर झिजतं. कोणती का गोळी असेना, चुकीच्या जागी लागलेली गोळी चुकीचीच.

आणि हे बघ, तुझे चारशे यार्ड मला नकोत. गोळी हवेत असते तेवढ्या वेळात जनावर एक पाऊल टाकतं, त्याचा हिशेब तुझ्या कॉम्प्युटरला येतो का? तीनशेच्या पलीकडे घोड्याला बोट लावणार नाहीस असं मला कबूल कर. जवळ जा. नाही जमलं तर हात हलवत ये, फ्रीझर रिकामा राहिला तर विनीता तुझी आरती करेल.

इथलं काय सांगू. आईला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, परत पलंगावर. उचलताना माझा गुडघा दळणाच्या जात्यासारखा वाजतो. गुरुनाथ होते तेव्हा निदान एक बाजू धरायचे. ऑपरेशनची एप्रिलची तारीख तुझ्या ऑफिससाठी हलवली, जुलैची तुझ्या पाठीसाठी. तू मात्र वस्तू पाठवतोस. वाजणारा गोळ्यांचा डबा, वरखाली होणारा पलंग, स्वयंपाकघरात कॅमेरा. कॅमेऱ्यातून आई पडताना दिसते रे, धरता येत नाही. मला वस्तू नकोत, तू हवास. सध्या एवढंच.

राग धरू नकोस, कानटोपी घे.

तुझी,
ताई


वायोमिंग, मोटेलमधून
१८ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,

शि. सा. न. आज नमस्कार करायलाही तोंड नाही.

उद्या येत नाही असा टेक्स्ट केला, त्यावर तुझा नुसता ओके आला. तो ओके दिवसभर टोचतोय. काय झालं ते सांगतो. आईसाठी पांढऱ्या कागदावर बर्फ पडलं आणि छान आहे एवढंच आहे.

सगळा आठवडा एल्क दिसले ते झाडीत, नाहीतर माद्या. काल आमच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस. पलीकडच्या उतारावर एक नर येऊन उभा राहिला, आडवा, डावी कूस आमच्याकडे. मोजलं तर साडेपाचशे यार्ड. ग्लेन म्हणाला, दरीत उतरून पुढे सरकू, तास लागेल. मी म्हटलं तासात उजेड जाईल, उद्या रात्री मला अटलांटाचं विमान आहे. ताई, फोनवर तुला तीनशेचं कबूल केलं होतं ते तेव्हा डोक्यात होतं. तरी आडवा पडलो, वाऱ्याचा हिशेब केला, तू सांगितलेल्या जागी नेम धरला आणि घोडा ओढला.

त्याने एक पाऊल पुढे टाकलं. स्कोपमधून दिसलं मला ते. गोळी सुटली होती.

तो पडला नाही. पाठ कमानीसारखी वर घेतली आणि हळूहळू चालत झाडीत गेला. जाऊन पाहिलं तर थोडं रक्त, आणि त्यात हिरवट चारा. तू लिहिलं होतंस ते पोतं. ग्लेनने मला लगेच मागे जाऊ दिलं नाही, ढकललं तर मैलोनमैल जाईल म्हणाला. सकाळी निघालो. दाभणाएवढं भोक असावं, रक्त थेंबथेंब, मग नाहीच. मी उठवलेलं दुखणं घेऊन तो कुठेतरी उभा आहे. त्याला तसा टाकून मी विमानात बसू शकत नाही. तुझी तारीख नसती तर घाई केली नसती, असंही एकदा मनात आलं.

चार दिवस दे. ऑपरेशन जरा पुढे ढकलता आलं तर बघ. माफ कर म्हणायची लाज वाटते.

शैलू


अल्फारेटा
२६ ऑक्टोबर २०२४

चि. शैलेंद्र यास,

आशीर्वाद आहेत, पण आज ते जड हाताने.

ऑपरेशन कॅन्सल केलं. जरा पुढे ढकलायला ते काही तुझी झूम मीटिंग नाही. आणि तुझी घाई माझ्या गुडघ्यावर ढकलू नकोस, खबरदार! तारीख तुला ऑगस्टपासून ठाऊक होती. एक तास दरी उतरायचा कंटाळा केलास, बास. जनावर असो की आई, तुला सगळं लांबून करायचं असतं. आकडे तुझे बरोबर असतात आणि समोरचं एक पाऊल हलतं.

आता दुसरं ऐक. तुझं पाकीट आलं त्या दिवशी आईचे कपडे दोनदा बदलले होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. हाताला लागला तो कागद उघडला आणि आईच्या कानाशी मोठ्यांदा वाचायला लागले. अर्ध्यावर कळलं की हा पिवळा आहे. थांबले तर तिने माझं मनगट धरलं, पुढचं वाच म्हणाली. सगळं वाचलं. मला वाटलं आता रडेल, तुला बोल लावेल. जन्मात झुरळ मारलं नाही तिने. तिने एवढंच विचारलं, सापडला का?

तेव्हापासून रोज. पोस्टाची गाडी येऊन गेली की विचारते, सापडला का? आदल्या दिवशी विचारलेलं आठवत नाही, पण तो एल्क आठवतो. परवा मी कंटाळून सांगून टाकलं की हो, सापडला. तर म्हणते, मग शैलू अजून आला का नाही? स्वयंपाकघरात जाऊन रडले. कॅमेऱ्यात दिसलेच असेन.

डॉक्टरांनी अकरा नोव्हेंबर दिली आहे. भांडायचीही ताकद उरली नाही. या वेळी आला नाहीस तर मी काठी घेईन, परत तारीख मागणार नाही. आईला काय सांगायचं ते तूच येऊन सांग.

लोभ जितका उरलाय तितका तुझाच आहे.

ताई


अल्फारेटा
१७ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझ्याच डायनिंग टेबलावर, तुझ्याच पिवळ्या डाळीचा डाग चुकवत लिहितोय.

देवांगचा मेसेज आला, काल तू वॉकर घेऊन दारापर्यंत गेलीस आणि फिजिओवर ओरडलीस. वाचून बरं वाटलं. इथली काळजी करू नकोस. पहिल्या दिवशी आईला उचलायचं मला जमेना, तिनेच सांगितलं कुठे हात घालायचा. आता जमतं. पाठ दुखते, पण तुझी किती वर्षं दुखली असेल ते कळतंय. कॅमेरा काढून ठेवलाय.

त्या एल्कचं तुला लिहायचं राहिलं. बर्फ आलं आणि सगळा माग झाकून गेला. पाचव्या दिवशी ग्लेन म्हणाला, आता पुरे. वाटेत मी त्याला विचारलं, तुझी मऊ गोळी घेतली असती तर? तो म्हणाला, तीही पोटातच लागली असती. परवाना अजून चालला असता, मी तो फाडला. माझ्या हातून एक जनावर गेलंच आहे. रायफल ग्लेनला देऊन टाकली.

येताना विमानात ठरवलं होतं, तुझ्यासारखंच सांगून टाकायचं की सापडला. तिला काय फरक पडतो? पोस्टाची गाडी गेली, तिने विचारलं, आणि मी तिच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. इतक्या जवळून खोटं बोलवेना. नाही सापडला आई, म्हटलं. मग मला रडू आवरेना. या वयात, तिच्या मांडीवर. तिने डोक्यावरून हात फिरवला आणि केस कुठे गेले म्हणून विचारलं.

ती विसरते, त्यामुळे रोज परत विचारते. रोज मी तिच्याजवळ वाकून सांगतो, नाही सापडला. रोज ती माझा हात धरते आणि म्हणते, उद्या बघू हं, दोघं मिळून बघू. मग शोधायला जाताना लागेल म्हणून कानटोपी उशाशी ठेवायला लावते. मी ठेवतो.

परतीचं तिकीट काढलेलं नाही. सावकाश चालायला शीक, घाई नाही.

लोभ कर, मी इथेच आहे.

तुझा,
शैलू