मांडी कुणी बांधली

प्रिय सेमूदादा,

वैतागू नकोस, मी सेंट-लुईला आहे. मासळीच्या ट्रकवर दोन दिवसांसाठी चढलो होतो, त्याला तीन महिने झाले. इथल्या पुलावर वारा असा सुटतो की दोन टोप्या नदीला दिल्या. ते राहू दे. बाजरी कापून झाली असेल, म्हणजे कुस्त्या आल्याच. तू यंदाही उतरणार म्हणे. तुझा गुडघा अजून संध्याकाळी सुजतो, आणि तेनिंगवहिनी अजून माहेरीच. तिने तुझा लंगोट ओलांडला, त्या करणीने तुझी मांडी बांधली गेली आणि तू गेली कुस्ती हरलास, असं गावाने ठरवलं, आणि तू तिला पाठवून दिलंस.

इथे मीही ट्रकवरून पडलो. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. चौथ्या दिवशी दुखणं थांबलं, सूज राहिली, आणि पाय भरल्या बाजारात दुमडला, तुझा आखाड्यात दुमडला तसाच. म्हटलं, मलाही कुणीतरी बांधलं. दवाखान्यात व्यायाम करून घेणारी दायनाबा निघाली टुकुलोर जमातीची, म्हणजे आपल्या सेरेर लोकांच्या थट्टेच्या नात्यातली. म्हणाली, सेरेर का, मग पाय बरा होईल, डोक्याचं सांगता येत नाही. तिने गुडघ्याखाली पंच्याची गुंडाळी ठेवून दाबायला लावलं. मी दातओठ खाऊन दाबतोय, मांडी आपली ढिम्म. बांधणीचं विचारलं तर हसली नाही. "मांडी धडधाकट आहे रे. गुडघ्यात पाणी भरलं की तोच आतून तिला निरोप धाडतो, काम करू नकोस म्हणून. दुखणं थांबलं तरी सूज आहे तोवर ती दबलेलीच." अर्धा तास बर्फ ठेवल्यावर पुन्हा दाबलं, तर मांडी सुतळीएवढी हलली. मला रडू आलं. तिला वाटलं, दुखलं.

त्या कुस्तीआधी आठवडाभर तुझा गुडघा सुजलेला होता, दादा. आई शेंगदाण्याचं तेल चोळायची, तू म्हणायचास, दुखत नाही.

वहिनीला लंगोट ओलांडताना पाहिलं, हे मीच सांगितलं होतं. मी पाहिलं नव्हतं. लंगोटाची राखण माझ्याकडे होती आणि मी सायकलवर शेजारच्या गावी भटकत होतो. ते कबूल करायची लाज वाटली. तू तिला विचारलंस तेव्हा वहिनी माझ्याकडे बघत राहिली. म्हणून मी घरी टिकत नाही. सूज उतरेपर्यंत आखाड्यात जाऊ नकोस. तिच्या वडिलांच्या अंगणात जा आणि हे पत्र सगळ्यांसमोर वाच, माझ्या नावासकट. ती परत आली नाही तरी वाच.

तुझाच, घरी येऊन मार खायला तयार असलेला,
लातीर