सृष्टीचे हात

प्रिय साधना,

त्या दिवशी फोन मधीच कापलास, पण माझं ऐकून तरी घ्यायचं होतं. दर वेळी असंच. मी तोंड उघडलं की तू म्हणतीस, तुमाला काय कळतंय, तुमी तिकडं मोरबीत टाइल्स काढून राहिले, लेकराला सांभाळते मी. बराबर हाय. पण सृष्टी माझी बी लेक हाय. सहा वर्षांची पोर परक्या गावच्या वसतिगृहात ठेवायची म्हणलं तर कोणत्या बापाला करमंल? रात्री ताप आला तर ती कोणाला सांगंल, अन कसं? एवढंच मी इचारलं. तर तू म्हणलीस, घरात तरी ती कोणाला सांगती? अन फोन बंद.

चार दिवस ते बोलणं डोक्यातून जाईना. सातवीतून शाळा सोडली तवापासून एवढं लांब कधी लिहिलं न्हाई. तू दहावी झालेली, चुकलेलं समजून वाच.

इथं टाइल दाबायच्या मशीनपाशी आवाज असा, की शेजारचा कानात ओरडला तरी ऐकू येत न्हाई. आमी समदे हातानंच बोलतो. मूठ आवळली की मशीन थांबव, दोन बोटं वर केली की माती संपत आली. मुन्ना म्हणून माझा जोडीदार हाय, तो तर बायकोसंगं झालेलं भांडण हातानंच सांगतो. ती कशी लाटणं घेऊन आली, हा कसा खाटंखाली शिरला, समदं. आमी पोट धरून हसतो. गेल्या सोमवारी असंच हसता हसता मला सृष्टी दिसली. झोप आली की माझा सदरा ओढून दोन्ही तळवे गालाला लावायची, अन मी तिचे हात फटकन खाली करायचो. हाताची सवय लागली तर जीभ उचलायची न्हाई, असं मीच तुला बजावलं होतं. तू मला चोरून तिच्याशी हातानं बोलायचीस, मला ठाऊक होतं. मी उंबऱ्यात पाय ठेवला की दोघींचे हात गप पडायचे. मला वाटायचं, घरात माझा धाक हाय.

माय म्हणाली होती, पोपटानं टोचलेला पेरू चारला की लेकराला बोलणं येतं. आठवतं? दोन वर्षं मी आपल्या साखरा गावातलं एक पेरूचं झाड सोडलं न्हाई. राखणदारानं चोर म्हणून धरलं तरी पेरू सोडला न्हाई. सृष्टी आवडीनं खायची. मी म्हणायचो, म्हण, ‘बाबा’. ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघायची अन तसंच तोंड उघडायची. नुसतंच उघडायची.

गुरवारी शाळेत येती ती करुणाताई, खास असल्या लेकरांची बाई, तिचं आता समदं ऐक. दिव्यांगाचं प्रमाणपत्र काढ, कार्ड काढ. कार्डावर आलं की पोरीचं लग्न होत न्हाई, असं मी म्हणलो होतो, ते मनावर घेऊ नको. कार्ड असलं की एसटीचं तिकीट कमी लागतं म्हणे. अन तिनं सांगितलेल्या आईबापांच्या त्या फोनवरच्या ग्रुपात नाव दे. दुसऱ्याच्या घरात बी असंच लेकरू हाय, एवढं कळलं तरी माणसाला धीर येतो.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहून राहिलो ते सांगतो. सृष्टी दीड वर्षाची असताना अंगणवाडीताईच्या सांगण्यावरून मी तिला एकटाच हिंगोलीला दवाखान्यात घेऊन गेलो होतो, तू हळदीच्या कामाला गेली होतीस. डॉक्टरनं तिच्या मागं घंटी वाजवली. ती वळली न्हाई. त्यांनी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली अन म्हणले, आठ दिवसांत जा, कानाचं मशीन लवकर लागलं तर पोरगी बोलंल, उशीर करू नका. मी भ्यालो, साधना. चिठ्ठी एसटी स्टँडवरच फाडली, अन घरी येऊन तुला सांगितलं, कान चांगले हायत, बोलंल उशिरानं. तू पोटुशी असताना रानात पडलीस त्यानंच हे झालं, असं तू आजवर स्वतःला कोसतीस. मी ते बी डॉक्टरला इचारलं होतं. ते म्हणले, त्याचा संबंध न्हाई. पण हे तुला सांगितलं असतं तर चिठ्ठीचं बी सांगावं लागलं असतं, म्हणून तुला रडू दिलं. माफी मागत न्हाई, कोणत्या तोंडानं मागू? तिला त्या वसतिगृहाच्या शाळेत घेऊन जा. तिथं तिचे हात कोणी खाली करणार न्हाई. सोडायला मी येत न्हाई, तू बोलवशील तवाच येईन. जाण्यायेण्याला, तिच्या गादीला अन दोन जोड कपड्यांला म्हणून सहा हजार चारशे रुपये पाठवून राहिलो.

तुझाच,
विश्वंभर