खोक्यावर एक, आत दोन

फोर्सा,
नोव्हेंबरातली एक काळोखी दुपार

तीर्थरूप राइमोमामा यांना,

तुमची भाची पिन्या हिचा साष्टांग नमस्कार. पद्धत म्हणून लिहीत नाही. काल वाचनालयाच्या पायरीवर बर्फावरून पाय घसरला आणि मी उत्तरेकडे डोकं करून खरोखरच आडवी पडले. तुम्ही उत्तरेलाच राहता, तेव्हा तो नमस्कार तुम्हाला पोचला असं समजावं. गुडघा कसा आहे? तळं गोठलं का? तिकडे सूर्य अजून तोंड दाखवतो, की त्यानेही यंदापुरतं आवरतं घेतलं? इथे तो रोज उगवतो असं हवामान खातं म्हणतं. आम्ही कुणी पाहिलेला नाही. आईची तब्येत बरी आहे. म्हणजे बोलत नाही, पण ते तुम्हाला नवीन नाही.

वाईट बातमी अशी की आईचं मोज्यांचं मशीन बंद पडलं आहे. मोज्यांच्या गिरणीला टाळं लागलं तेव्हा तुम्ही आणि आईने घसरगाडीवर घालून बर्फातून ओढत घरी आणलं होतं, तेच. (त्याच दिवशी तुम्हीही तिथून एक कम्प्युटर उचललात, असं आजी सांगायची.) मशीन स्वतः ठणठणीत आहे. त्याला नक्षी सांगणारा जुना कम्प्युटर मेला. एका मोज्याच्या टाचेवर येऊन सगळं थांबलं, आणि जळक्या लोकरीसारखा वास आला. लोकर जळली नव्हती, मदरबोर्ड जळला होता. मोजा कुणाचा म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, "गिऱ्हाइकाचा." नाताळच्या बाजारापर्यंत मशीन सुरू झालं नाही तर ती ते भंगारात देणार आणि शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला जाणार. भंगारवाल्याशी तिचं बोलणंही झालं आहे. (भंगारवाल्याशी ती बोलते.)

मी म्हटलं, माझ्या जिवात जीव असेपर्यंत हे मशीन भंगारात जाणार नाही. तुम्हाला माहीतच आहे, मी घरातली पहिली पदवीधर, आणि माझा प्रबंध 'दुरुस्तीचा हक्क' याच विषयावर होता. माणूस वस्तू फेकायला शिकला की तो माणसंही फेकायला शिकतो, असं मी त्यात लिहिलं आहे आणि आजही मला ते खरं वाटतं. आईने शांतपणे कॉफी ओतली आणि म्हणाली, "एवढी पानं लिहिलीस ना दुरुस्तीवर? त्यातलं एखादं मशीनला वाचून दाखव. चालू होतंय का बघ."

तेव्हापासून मी तो बोर्ड शोधते आहे. नाव माहीत आहे, त्याच नावाचे बोर्ड विकायलाही आहेत. पण मामा, एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्या असतात, हे मला विद्यापीठात कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढतात तेव्हा चुका दुरुस्त करतात. या कंपनीने दुसरी आवृत्ती काढताना नेमकी आपल्याला हवी ती गोष्टच काढून टाकली. मशीनला कम्प्युटरशी जोडणारं कार्ड एका लांब काळ्या खाचेत बसतं. पहिल्या आवृत्तीत ती खाच आहे, दुसरीत नाही. बाकी नाव तेच, रंग तोच, खोक्यावरचं चित्रसुद्धा तेच. (चित्र पहिल्या आवृत्तीचं. दुसरीसाठी नवीन काढायचा खर्च कोण करणार?) आवृत्तीचा आकडा बोर्डाच्या कोपऱ्यात, मुंगीने लिहावा तसा पांढऱ्या अक्षरात छापलेला असतो. म्हणजे विकत घेण्याआधी कुणीतरी तो कोपरा बघून सांगायला हवा. आपल्या देशात अनोळखी माणसाला कोपरा बघायला सांगणं किती अवघड आहे, याचा अंदाज तुम्हाला असेलच.

इंटरनेटवर सालो गावचे एन्सियो नावाचे गृहस्थ सापडले. जाहिरातीत फोटो होता, पण तो कंपनीच्या पुस्तिकेतून उचललेला. मी अदबीने लिहिलं की कृपया आपल्या बोर्डाच्या कोपऱ्यात काय आहे ते कळवाल का. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: "धूळ." मी आभार मानले आणि धुळीखाली काय आहे ते विचारलं. यावर उत्तर आलं, "पुसली तर जुना वाटणार नाही." त्यानंतर ते गप्प झाले. मला वाटतं मी फार चौकशा केल्या.

मग आपल्या इथल्या जुन्या बाजारात गेले. तोच तो, बटर फॅक्टरीच्या मागचा. टेबल भाड्याने घ्यायचं, वस्तू किंमत लावून ठेवायच्या आणि घरी जाऊन बसायचं. एका टेबलावर पोर्सेलीनची बदकं, आईस हॉकीचे हातमोजे आणि त्यांच्यामध्ये आपला बोर्ड! खोकं चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद. वर चिठ्ठी: 'चालतो. उघडू नये.' खोक्याच्या कडेला आवृत्ती एक असं लिहिलेलं होतं, पण खोकं म्हणजे बोर्ड नव्हे, एवढं मी एव्हाना शिकले होते. गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं, हा टेबलवाला कुठे भेटेल?

"भेटेल?" त्यांनी चष्मा वर केला. "कशाला भेटायचं?"

"एक प्रश्न विचारायचा होता."

"अगं बाई, लोकांना भेटावं लागू नये म्हणूनच तर टेबलं आहेत. आवडलं तर घे, नाही तर ठेव. बदक घे, बदकाला काही विचारावं लागत नाही."

चिकटपट्टी जरा उचकून बघता आली असती. कुणी पाहत नव्हतं. पण 'उघडू नये' लिहिलेलं उघडायचं नाही, हे मला तुम्ही आणि आईनेच शिकवलं. म्हणून मी खोक्याखाली चिठ्ठी ठेवली: 'आतल्या बोर्डाची आवृत्ती कोणती?' दुसऱ्या दिवशी खाली उत्तर: 'खोक्यावर लिहिलं आहे.' मी लिहिलं: 'ते वाचलं. आतही तीच आहे ना?' उत्तर: 'का नसेल?' मामा, या प्रश्नात इतका प्रामाणिक दुखावलेपणा होता की मला स्वतःची लाज वाटली. माणसावर विश्वास ठेवण्यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. मी खोकं उचललं, पैसे दिले, घरी आणलं, आईसमोर स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडलं.

आत दुसरी आवृत्ती. लांब खाचेच्या जागी गुळगुळीत हिरवं मैदान. आईने खोकं पाहिलं, बोर्ड पाहिला, मला पाहिलं, आणि बटाटे सोलायची सुरी धार लावायला काढली.

मी परत जाऊन चिठ्ठी ठेवली. दुसऱ्या दिवशी टेबलावर माझे पैसे, एक चॉकलेट आणि उत्तर: 'दोन्ही होते माझ्याकडे. पहिला जळला. त्याचं खोकं चांगलं होतं म्हणून त्यात हा ठेवला. क्षमा असावी.' चॉकलेट मी बसथांब्यावर अंधारात एकटीने खाल्लं. चव चांगली होती, पण उपयोग झाला नाही.

तर असं आहे. कालपासून आई गिऱ्हाइकांना 'यंदा नाही' म्हणून कळवते आहे. मी शेजारी बसून वस्तू टिकवण्याबद्दल बोलत असते आणि ती मान डोलावते, जशी ती रेडिओवरच्या प्रवचनाला डोलावते. या पत्रात तुमच्याकडे मागणं काहीच नाही. आपल्या घरात कुणी कुणाकडे काही मागत नाही. नुसती खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. गुडघ्याला ऊब द्या.

तुमची भाची,
पिन्या

ता. क. तुम्ही गिरणीतून उचललेल्या त्या कम्प्युटरवर अजून पत्ते खेळता का? तो आईच्या कम्प्युटरच्याच जोडीचा होता. कधी सहज झाकण उघडलंत, तर तळाच्या बोर्डाच्या कोपऱ्यातला आकडा बघाल का? खोकं बघू नका. तुमच्या आठवणीतलंही सांगू नका. कोपरा बघा. आणि एक असेल, तर मामा, मी तुम्हाला पत्त्यांचे खरे जोड पाठवीन, जन्मभर पुरतील इतके.

आणखी ता. क. हे पत्र आईला माहीत नाही. आजीच्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीला तिच्या होडीवरून जे झालं त्यात मी पडत नाही. तुम्ही म्हणालात "तू घे", ती म्हणाली "तू घे", आणि दोघांनाही समोरच्याचा सूर झोंबला. एवढंच मला आठवतं. होडी अजून काठावर पालथीच आहे. तिच्या बुडातून बर्चचं झाड उगवलं आहे.

शेवटचं ता. क. पाकीट बंद करत होते तेवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली. तिने सगळं वाचलं. मला वाटलं आता फाडते. ती म्हणाली, "त्या गाढवाला लिही, झाकण काढायच्या आधी वायर उपट म्हणावं. लहानपणी चालू रेडिओत बोट घातलं होतं त्याने." तुमच्यासाठी इतक्या वर्षांत ती बोललेलं हे पहिलं वाक्य, म्हणून जसंच्या तसं लिहिलं. मग आत जाऊन एक मोजा घेऊन आली आणि तो पाकिटात कोंबला. पाकीट फुगलं आहे, तिकिटं जास्त लावली आहेत. मोजा शेहेचाळीस नंबरचा आहे. आईच्या गिऱ्हाइकांत एवढा पाय कुणाचाच नाही. त्याच्या जोडीचा दुसरा अजून मशीनवरच आहे, टाचेपाशी थांबलेला.